प्रकटीकरणाच्या सणाचा बदामी केक

आमच्या घरी नाताळाची तयारी डिसेंबरच्या सुरुवातीपासून चालते. करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि मनुकांचा केक असे सगळे होते, आणि नवे वर्ष लागले की डबे रिकामे होऊन सण संपल्यासारखा वाटू लागतो. वास्तविक नाताळाचा काळ 6 जानेवारीला, म्हणजे प्रकटीकरणाच्या सणाला पूर्ण होतो. पूर्वेकडून आलेल्या मागी, म्हणजे ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या ज्ञानी, लोकांनी बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस अर्पण केले, त्याची आठवण या दिवशी करतात. ते तिघे होते असे बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात कोठेही म्हटलेले नाही. तीन भेटवस्तूंवरून परंपरेने तीन राजे मानले. जे यहुदी नव्हते, दूर देशांतले होते, त्यांनाही ख्रिस्त प्रकट झाला हे या सणाचे मर्म आहे, आणि म्हणूनच नाशिकसारख्या ठिकाणच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना हा दिवस विशेष जवळचा वाटायला हवा असे माझे मत आहे. यंदा उपासनेबरोबर घरातही तो साजरा करायचा, असे मी आणि सासूबाईंनी ठरवले.

फ्रान्समध्ये या दिवशी ‘गॅलेत दे रुआ’, म्हणजे राजांचा केक, करतात. पदर सुटणाऱ्या दोन गोल पोळ्यांमध्ये बदामाचे सारण भरून तो भाजतात आणि आत एक दाणा लपवतात. ज्याच्या वाट्याला तो दाणा येईल तो त्या दिवसाचा राजा. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये याच सणाला यीस्ट घातलेल्या पिठाचा कड्यासारखा केक असतो. नाशिकच्या थंडीत यीस्टचे पीठ फुगायला फार वेळ घेते, पण पदरांसाठी तीच थंडी उपयोगी पडते, म्हणून मी फ्रेंच प्रकार निवडला.

बेकरीत खारीचे कच्चे पीठ विकत मिळाले असते, पण ते बहुधा मार्गारिनचे असते आणि लोण्याचा स्वाद त्याला येत नाही. घरच्या लोण्यात पाण्याचा अंश जास्त, म्हणून मीठ नसलेले बटर आणले. 250 ग्रॅम मैदा, थोडे मीठ आणि साधारण 125 मिलिलिटर गार पाणी घेऊन पीठ मळले व झाकून फ्रिजमध्ये ठेवले. 180 ग्रॅम बटर दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने चौकोनी, सपाट केले. पीठ आणि बटर यांचा घट्टपणा सारखा असणे ही या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे: बटर जास्त कडक असेल तर त्याचे तुकडे होतात, आणि मऊ असेल तर ते पिठात मुरते व पदर उरतच नाहीत. पिठात बटर गुंडाळून लांबट लाटायचे, तीन पदरी घडी घालायची, पाव वळसा देऊन पुन्हा लाटायचे, असे सहा वेळा करायचे आणि दर दोन घड्यांनंतर पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये विसावू द्यायचे. सहा घड्यांनंतर बटराचे 729 थर होतात. साट्याच्या करंज्या करणाऱ्या हातांना हे तत्त्व नवे नाही. तेथे तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा जे काम करतो, तेच येथे बटर करते. सासूबाईंनी पहिली घडी पाहूनच लाटण्याचा दाब कोठे कमी करायचा ते सांगितले, आणि दुपारी ऊन चढले की थांबायचे, लाटण्याचे काम पहाटेच करायचे, हेही त्यांनीच ठरवले.

सारण सोपे आहे. बदाम गरम पाण्यातून काढून सोलले, गच्चीवर खडखडीत वाळवले आणि तेल सुटू नये म्हणून साखरेबरोबर थांबून थांबून दळले. बदाम, साखर आणि बटर प्रत्येकी 100 ग्रॅम आणि दोन अंडी एकत्र फेटली. पिठाच्या दोन गोल पोळ्या लाटल्या, एकीवर कडेचा दोन बोटे भाग मोकळा ठेवून सारण पसरले, त्यात एक अख्खा बदाम दडवला आणि दुसरी पोळी ठेवून कडा पाण्याने चिकटवल्या. वरून अंडे लावताना ते कापलेल्या कडेवर ओघळू द्यायचे नाही, कारण तेथे थर एकमेकांना चिकटतात आणि केक वर उठत नाही. मधोमध वाफेसाठी छिद्र पाडले, सुरीने नक्षी कोरली आणि ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या भट्टीत) 200 अंशांवर तांबूस रंग येईपर्यंत, सुमारे चाळीस मिनिटे, भाजले.

वाटणीची रीत मला पाककृतीइतकीच मोलाची वाटते. माणसे असतील त्याहून एक तुकडा अधिक कापतात, आणि तो अचानक येणाऱ्या पाहुण्याचा किंवा गरजूचा असतो. घरातले सर्वांत लहान मूल टेबलाखाली बसते आणि कोणता तुकडा कोणाचा हे तेथूनच सांगते, म्हणजे वाटपात पक्षपात राहत नाही. आमच्याकडे हे काम पुतण्याने केले. जास्तीचा तुकडा इमारतीच्या रखवालदार काकांना दिला. अंडे चालते का हे आधी विचारून घेतले होते.

बदाम नणंदेला मिळाला. सोनेरी कागदाचा मुकुट तिने रात्रीपर्यंत डोक्यावर ठेवला, आणि रिवाजाप्रमाणे पुढच्या वर्षीचा केक तिच्या घरी होईल. साखरेऐवजी गूळ चालेल का, असे तिने लगेच विचारले. बारीक किसलेला गूळ सारणात चालायला हरकत नाही, पण मग गोडाचा अंदाज घेण्यासाठी आधी थोडे सारण वाटीत भाजून पाहावे, असे मी तिला सांगितले आहे.