तुम्ही घेतली का?

कोव्हिडच्या लसीकरणात मी नोंदणीच्या टेबलावर व्हॉलंटियर होते हे कळलं की लोक हमखास विचारतात, एवढी माणसं जात होती तरी लोक लस घ्यायला का कां कू करत होते, अडाणी होते का? आता तुम्हीपण विचारलंत म्हणून लिहिते.

अडाणी बिडाणी काही नाही हो. उलट वाचून वाचून डोकं भंजाळलेलेच जास्त. "नाही म्हणजे नाही" वाले मला फारसे भेटलेच नाहीत (ते टेबलापर्यंत येतील कशाला, हेही खरंच). भेटले ते सगळे "बघू, थोडं थांबू" वाले.

एक काका आठवतात. दोनदा रांगेतून परत गेलेले. तिसऱ्यांदा आले, फॉर्म पुढे केला पण हातातून सोडेचनात, मी इकडून ओढतेय आणि ते तिकडून धरून बसलेत. मग हळूच म्हणाले, "तुम्ही घेतली का?" म्हटलं घेतली, दुसऱ्या दिवशी ताप आला आणि हात दोन दिवस वर होत नव्हता. मला वाटलं गेले हे आता. तर फॉर्म सोडून म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, बाकी सगळे काहीच होत नाही म्हणतात."

तेव्हापासून मी "काहीच होत नाही" म्हणणं बंद केलं. कारण ज्याला असं सांगितलंय त्याला ताप आला की तो घाबरतो आणि दहा जणांना सांगत सुटतो. गंमत म्हणजे ट्रायलमध्ये ज्यांना खरी लस नाही, नुसतं प्लासिबोचं इंजेक्शन दिलं होतं त्यांच्यातल्याही साधारण ३५ टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा असलं काहीतरी सांगितलं होतं. म्हणजे भीतीनंपण अंग दुखतं, पण हे समोरच्याला तोंडावर सांगून बघा, तो उठून जाईल.

मार्च २०२१ मध्ये युरोपातल्या बऱ्याच देशांनी रक्ताच्या गुठळ्यांच्या शंकेमुळे अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस (आपल्याकडे तीच कोव्हिशील्ड) काही दिवस थांबवली, तपासली, मग बहुतेकांनी परत सुरू केली, काहींनी फक्त मोठ्या वयाच्या लोकांसाठी. मला यात धीर वाटला, कोणीतरी लक्ष ठेवून आहे म्हणून. टेबलासमोरच्यांना मात्र फक्त "थांबवली" एवढंच आठवत होतं.

आणि रोग डोळ्यासमोर असला तरच माणूस दंड पुढे करतो. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूची साथ येणार म्हणून साडेचार कोटींच्या आसपास लोकांना टोचलं, साथ आलीच नाही, आणि लाखात एखाद्याला गिया-बारे नावाचा लुळेपणा आणणारा आजार झाला तर मोहीमच थांबवावी लागली. आमच्याकडेही तेच, लाट चढली की खुर्च्या पुरायच्या नाहीत, उतरली की आम्ही माश्या मारत बसलेलो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या एका गटानं २०१४ मध्ये, म्हणजे कोव्हिडच्या कितीतरी आधी, तीन कारणं मांडून ठेवली होती: विश्वास नसणं, धोकाच न वाटणं आणि सोय नसणं. पहिल्या दोनांवर सगळे तावातावानं बोलतात, तिसऱ्याचं कोणाला काही पडलेलं नसतं. एक बाई दोन वेळा स्लॉट घेऊन आल्या नाहीत, आमच्यातल्या एकानं लगेच "घाबरतात" असा शेरा मारला. मी फोन केला तर म्हणाल्या, "ताई, भीती कसली, ताप आला तर दोन दिवसांची मजुरी जाते. मला सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळचा नंबर द्या, सुट्टीत ताप आलेला चालेल."

दिला. आल्या, आणि जावेलाही घेऊन आल्या.