बस, बस, अरे बस ना!

कुत्रा असलेल्या घरात पाऊल टाकलं की पहिल्या पाच मिनिटांत हा संवाद ठरलेला. मालक म्हणतो, "बस." कुत्रा उभाच. "बस!" कुत्रा शेपूट हलवतो. "बस रे, पाहुणे आलेत ना!" कुत्रा पाहुण्यांचे गुडघे हुंगून घेतो. "बस म्हटलं ना!" कुत्रा जांभई देतो. मग आवाज चढतो, बोट जमिनीकडे वळतं, पाचव्यांदा "बस!" होतं आणि स्वारी ऐटीत बूड टेकते. मालक पाहुण्यांकडे वळून कौतुकानं सांगतो, "सगळं कळतं हो त्याला. फक्त बोलता येत नाही."

कळतं यात शंकाच नाही. पहिले चार 'बस' ही नुसती प्रस्तावना असते, खरी आज्ञा पाचव्या 'बस'ला सुरू होते आणि तीही बोटासकट, हे त्याला चांगलंच कळलेलं असतं. मधली ती जांभईही कंटाळ्याची नसते बरं का. समोरच्याचा आवाज चढू लागला की कुत्रे जांभई देतात, ओठ चाटतात, मान फिरवतात. ताण आल्याच्या या खुणा. आपण मात्र म्हणतो, "बघा कसा आगाऊ आहे!"

यावरचा उपाय एका दमात सांगता येतो. शब्द एकदाच उच्चारायचा आणि दोन-तीन सेकंद गप्प राहायचं. बसला तर लगेच खाऊ. नाही बसला तर वाटाण्याएवढा खाऊ नाकासमोर धरून हात सावकाश डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर जातं आणि बूड आपोआप खाली येतं. खाऊ देण्याची वेळही महत्त्वाची: बूड टेकल्यापासून एक-दोन सेकंदांच्या आत. तोवर आपण खिसे चाचपत राहिलो तर तो कंटाळून उठतो, आपल्याला नेमका तेव्हाच खाऊ सापडतो, आणि बक्षीस मिळतं ते उठण्याला. हात नाकापासून फार उंच धरला तर तो बसण्याऐवजी उडी मारतो, आणि मग उडी शिकतो. कुत्र्याला हे सगळं पटकन जमतं. अडचण येते ती त्या दोन-तीन सेकंदांच्या मौनाची. माणसाला गप्प बसवणं महाकठीण.

म्हणून 'कुत्र्याचं प्रशिक्षण' या विषयावर बोलण्याआधी शिकतंय कोण, हे एकदा ठरवून घ्यावं. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथल्या दगडखाणीत १९१४ मध्ये एक जुनं दफन सापडलं. सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक स्त्री आणि सोबत कुत्रा. कुत्रा म्हणजे साधारण सात महिन्यांचं पिल्लू. दातांवरच्या खुणांवरून संशोधकांनी नंतर निष्कर्ष काढला की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार झाला होता, आणि कुणीतरी पाणी पाजल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय, पुसूनपासून घेतल्याशिवाय त्या आजारात ते इतके आठवडे तगलं नसतं. म्हणजे शिकारीला जायचं नाही, राखण करायची नाही, नुसतं आजारी पडून राहायचं. आणि त्याच्या उशापायथ्याशी जागणारी माणसं हिमयुगातही होती. कुत्र्यांचा धडा तेव्हाच पूर्ण झाला असावा.

पुढच्या हजारो वर्षांत त्यांनी त्यावर बारीक काम केलं. भुवईची आतली कड वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला तयार झालेला असतो; लांडग्यांमध्ये त्या जागी जेमतेम काही तंतू सापडतात, असं २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं. या स्नायूमुळे डोळे मोठे दिसतात आणि चेहऱ्यावर अनाथ बालकाचे भाव उमटतात. लांडग्याला माणसाकडे असं बघायची गरज पडली नाही. तो जंगलात स्वतः शिकार करतो, पोट भरलं नाही तर उपाशी झोपतो. कुत्र्यानं भुवई उचलली आणि जेवायला आपल्याकडे मुक्काम टाकला.

पोटही त्यानं त्याप्रमाणे बदलून घेतलं. पिष्टमय अन्न पचवायला लागणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यांमध्ये त्या ४ ते ३० पर्यंत आढळल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. आपलं उरलंसुरलं खात खात तो इथवर आला, याचा हा जनुकांतला पुरावा. त्यामुळे जेवणाच्या टेबलापाशी येऊन बसणं हा त्याला वंशपरंपरेनं मिळालेला हक्क वाटत असेल तर नवल नाही.

या टेबलापाशी माणूस जितका हरतो तितका तो दुसरीकडे कुठेच हरत नाही. नियम सगळ्या घरांत एकच असतो: जेवताना त्याला काही द्यायचं नाही. नऊ वेळा कुणी देत नाही. दहाव्या वेळी आजोबांचा हात टेबलाखाली जातो. आजोबांना वाटतं, दहातून एकदा तर दिलं. कुत्र्याच्या लेखी मात्र हे लॉटरीचं तिकीट असतं. रोज लागत नाही म्हणूनच तो रोज काढतो. प्रत्येक वेळी मिळणाऱ्या खाऊपेक्षा अधूनमधून, कधीही मिळू शकणारा खाऊ सवय अधिक पक्की करतो. दररोज ठरलेला घास दिला असता आणि एक दिवस बंद केला असता तर कुत्र्यानं लवकर नाद सोडला असता. आजोबांनी मात्र त्याला चिकाटी शिकवली.

मग एक दिवस घर निश्चय करतं. आता काही झालं तरी द्यायचं नाही. दोन दिवस शांततेत जातात. तिसऱ्या दिवशी तो नुसता बघत नाही, कुईकुई करतो. मग पंजा मांडीवर ठेवतो. मग भुंकतो. घरातले म्हणतात, "बघा, न दिल्यामुळे उलट बिघडला!" बिघडलेला नसतो. एखादी युक्ती चालेनाशी झाली की ती सोडून देण्याआधी कुत्रा तिचा जोर वाढवून बघतो. बंद पडलेल्या रिमोटचं बटण आपणही अंगठा दुखेपर्यंत दाबतोच. सोडायच्या बेतात असतानाचा हा शेवटचा जोर असतो, आणि बहुतेक घरं नेमकी इथेच शरण जातात. "घे बाबा एकदाचा!" म्हणून घास टाकला जातो. परिणाम असा की आता कुईकुई, पंजा आणि भुंकणं हा संपूर्ण कार्यक्रम सादर केल्यावर पैसे वसूल होतात, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. पुढच्या वेळी तो कुईकुईवर वेळ घालवत नाही.

खरंच सोडवायचं असेल तर त्याचं जेवण आपल्या जेवणाच्या आधी उरकावं, टेबलापासून दोन-तीन मीटरवर त्याची चटई टाकावी आणि तो चटईवर असताना खाऊ तिथेच नेऊन द्यावा. टेबलावरून कधीही नाही. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शात बसवावा. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले साखरविरहित पदार्थ मात्र चटईवरही नकोत. यांतले काही पदार्थ थोडेसेही जीवघेणे ठरू शकतात, आणि "एवढ्याशानं काय होतंय" हे वाक्य जनावरांच्या डॉक्टरांनी फार वेळा ऐकलेलं असतं. हे सगळं आजोबांनाही समजावून सांगावं. तो भाग सर्वांत अवघड.

आता अपराधी चेहऱ्याकडे वळू. दार उघडावं तर उशीचा कापूस दिवाणखानाभर, आणि कोपऱ्यात कान पाडून, नजर चुकवून बसलेला आरोपी. "केलंय ते त्याला माहीत आहे, चेहराच सांगतोय!" न्यूयॉर्कच्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हेच तपासून पाहिलं. मालकानं खाऊ समोर ठेवायचा, खाऊ नको म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर, कुत्र्यानं खाऊ खाल्ला की नाही, हे काही मालकांना खरं सांगितलं, काहींना खोटं. अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावल्यावर. खाऊ खाल्ला होता की नव्हता याच्याशी त्याचा संबंध जुळला नाही. उलट, काहीही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचा चेहरा जास्तच अपराधी होता. म्हणजे तो उशीचा पंचनामा वाचत नसतो, आपला चेहरा वाचत असतो. दोन तासांपूर्वी फाडलेल्या उशीसाठी आत्ता ओरडलं तर त्याच्या पदरात एवढंच पडतं की हा माणूस दारातून आत येताना कधीकधी भयंकर असतो.

उशी त्यानं सूड म्हणून फाडलेली नसते. पिल्लू असेल तर दात येत असतात: २८ दुधाचे दात पडून त्यांच्या जागी ४२ पक्के येतात, आणि चार ते सहा महिन्यांच्या वयात हिरड्या शिवशिवतात. मोठा असेल तर एकटेपणाची धास्ती असू शकते. आणि हो, चावायला जुनी चप्पल देणाऱ्यांनी नव्या चपलेबद्दल तक्रार करू नये. दोहोंना वास आपल्याच पायांचा येतो. कुठली कधी घेतली याची पावती त्यानं पाहिलेली नसते.

एकटेपणाच्या धास्तीत तर त्याचं निरीक्षण हेरखात्याला लाजवेल असं असतं. किल्ल्यांचा आवाज, मोजे, पिशवीची चेन, आरशासमोरचा तो शेवटचा दृष्टिक्षेप. आपण दारापर्यंत पोचण्याआधीच त्याचा धीर सुटलेला असतो. म्हणून या खुणाच बोथट करायच्या. दिवसातून पाच-सहा वेळा किल्ल्या उचलायच्या आणि परत सोफ्यावर बसायचं. बूट घालून भांडी घासायची. मग दाराबाहेर पाच सेकंद, मग अर्धा मिनिट, मग दोन मिनिटं, आणि तो घाबरायच्या आत परतायचं. घाई करून एकदम तासभर गेलं की आधीची मेहनत पाण्यात. शेजाऱ्यांना मात्र आधी कल्पना द्यावी. बूट घालून दिवसभर आतबाहेर करणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत बनत असतं.

आपण त्याला निम्म्यानंही वाचत नाही. शेपूट हललं म्हणजे खूश, एवढंच आपलं ज्ञान. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकत हलतं, आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं म्हणून आपण पिढ्यान्पिढ्या हिणवत आलो. ते कुठल्या बाजूला वाकडं, हे पाहायची तसदी घेतली नाही.

'ये' या शब्दाची वाट आपणच लावतो. बागेत तो मजेत हुंगत असतो, आपण 'ये' म्हणतो, तो येतो, पट्टा अडकतो, मजा संपते. घरी 'ये' म्हणतो, तो येतो, अंघोळ. चार-पाच वेळा असं झालं की त्याला ऐकू येईनासं होतं. त्यावर दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा खाऊ आणि कौतुक करून परत सोडून द्यावं. अंघोळीसाठी तर बोलावूच नये, आपण जाऊन आणावं. पायाखाली न घसरणारी चटई, पाणी कोमट, शांपू कुत्र्यांचाच, चेहऱ्यावर तांब्यानं पाणी न ओतता ओलं फडकं, आणि फेस काढायला फेस करण्याहून दुप्पट वेळ. अंग झटकायला तो डोक्यापासून सुरुवात करतो आणि लाट शेपटीपर्यंत जाते. म्हणून डोकं शेवटी भिजवावं. आधी भिजवलं तर टॉवेलची गरज आपल्याला जास्त लागते.

राहिली औषधाची गोळी. त्याला आवडणाऱ्या मऊ पदार्थाचे तीन छोटे गोळे करायचे. पहिला साधा. दुसऱ्यात औषध. तिसरा साधा, आणि तो दुसरा तोंडात जाताच नाकासमोर धरायचा, म्हणजे तिसऱ्याच्या घाईत तो दुसरा न चावता गिळतो. गोळी हाताळलेल्या हातांनीच तिसरा गोळा वळला तर औषधाचा वास त्यालाही लागतो आणि डाव फसतो, म्हणून साधे दोन आधी वळून ठेवावेत. जेवणाबरोबर द्यायची की उपाशीपोटी, हे आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. युक्ती सहसा चालते. पाच दिवसांत औषध संपतं. सहाव्या दिवशी त्याच वेळेला तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसतो, न सांगता, पहिल्याच फटक्यात, आणि भुवई वर. एक गोळा दिला तर हलत नाही. दुसरा दिला तरी नाही. तिसरा घेऊन मगच जातो.