फिनिक्सच्या परसातले टोमॅटो आणि मिरच्या: गणित रात्रीच्या तापमानाचं

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स, चँडलर, गिल्बर्ट या पट्ट्यात टोमॅटो लावणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: झाड छातीएवढं झालं, फुलांनी भरलं, पण फळ धरत नाही. मग खत वाढवलं जातं, पाणी वाढवलं जातं आणि झाड आणखी पानांवर जातं. दोष खताचा नसतो, रात्रीच्या हवेचा असतो. रात्रीचं तापमान २४ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ७५ फॅरनहाइटच्या वर राहू लागलं की टोमॅटोचे परागकण निकामी होत जातात. दिवसाचा पारा ३५ च्या पुढे गेला तरी तेच. फूल उमलतं, देठाच्या सांध्याशी पिवळं पडतं आणि गळतं. मेच्या मध्यापासून ही अवस्था सुरू होते, ती सप्टेंबर संपेपर्यंत फारशी सुधारत नाही. २०२३ च्या जुलैत तर फिनिक्समध्ये सलग १६ दिवस किमान तापमानसुद्धा ९० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ सेल्सिअसच्या खाली उतरलं नव्हतं. अशा रात्री टोमॅटोकडून फळाची अपेक्षाच करू नये.

म्हणून लावणीची तारीख मागून मोजत यायची. मेच्या मध्याला फळधारणा थांबणार, तर एप्रिलभर झाड ऐन बहरात हवं. त्यासाठी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत सहा-आठ आठवड्यांचं रोप जमिनीत गेलेलं हवं. म्हणजे बी डिसेंबरच्या अखेरीला घरात टाकायचं. मिरची उगवायलाच वेळ घेते, दोन आठवडे तर सहज, कधी तीन. तिचं बी नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला टाकावं आणि ट्रेखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, ठेवावी. मातीचं तापमान २७ ते ३० सेल्सिअस मिळालं तर मिरची भरवशाने उगवते. हिवाळ्यात खिडकीत ठेवलेल्या गार मातीत ती रुसून बसते. बाहेर लावताना टोमॅटोला माती १६ अंशांची चालते, मिरचीला १८ तरी हवी. एप्रिलमध्ये नर्सरीत मोठी, फुलं लागलेली टोमॅटोची रोपं मिळतात, ती घेऊ नयेत. त्यांची मुळं पसरेपर्यंत हंगाम हातातून गेलेला असतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादी रात्र गोठणबिंदूजवळ जाते. त्या रात्री रोपांवर फ्रॉस्ट क्लॉथ किंवा जुनी सुती चादर टाकावी, कडा जमिनीला टेकवाव्यात आणि सकाळी काढावी. पानांना चिकटलेलं प्लास्टिक थंडी अडवत नाही, उलट जिथे टेकतं तिथलं पान करपतं.

वाण निवडताना पाकिटावरचे दिवस वाचा. टोमॅटो-मिरचीच्या पाकिटावरचे दिवस बी टाकल्यापासून नसतात, रोप लावल्यापासून मोजलेले असतात. ७० दिवसांच्या आतले वाण इथे निभावतात: अर्ली गर्ल, सन गोल्ड, बहुतेक चेरी टोमॅटो. सेलिब्रिटी ७० च्या आसपास आहे, वेळेवर लावला तर चांगला येतो. ब्रँडीवाइनसारखे पाव-पाव किलोचे मोठे वाण ८० दिवसांच्या पुढचे. ते पाहून मोह होतो, पण त्यांची फुलं उमलतात तेव्हा उकाडा सुरू झालेला असतो. मिरच्यांत ठेच्यासाठी ज्वाला उत्तम. अमेरिकेतल्या बियाणे कंपन्यांकडे तिचं बी सहज मिळतं. गावाकडून सामानात लवंगीचं बी आणायचं म्हटलं तर रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर ते विमानतळावरच काढून घेतात. ढोबळी मिरची सगळ्यांत नाजूक. तिची फुलं आधी गळतात आणि फळं आधी भाजतात.

जागेबद्दल एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. इथल्या परसाला सिमेंट ब्लॉकच्या भिंतीचं कुंपण असतं. दुपारभर ऊन पिऊन ती भिंत मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. टोमॅटोला गार रात्र हवी, आणि नेमकी तीच भिंतीलगत मिळत नाही. पश्चिमेचं ऊन खाणाऱ्या भिंतीपासून वाफा निदान मीटर-दीड मीटर दूर ठेवा. सकाळपासून एक वाजेपर्यंत ऊन आणि नंतर घराची किंवा झाडाची सावली, अशी जागा मिळाली तर निम्मं काम झालं.

मातीचा सामू (पीएच) इथे ८ ते ८.५, सेंद्रिय अंश नावापुरता आणि खाली बऱ्याच ठिकाणी कॅलिशे, म्हणजे चुनखडीचा सिमेंटसारखा घट्ट थर. लावणीआधी फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांत उतरायला हवं. नाही उतरलं तर पहारीने थर फोडावा लागेल किंवा वर गादीवाफा बांधावा लागेल. वाफा ३० ते ४५ सेंटिमीटर खोल भरायचा, त्यात निम्म्याजवळ चांगलं कुजलेलं कंपोस्ट. दुकानातलं पिशवीतलं शेणखत मात्र जपून वापरा. त्यात क्षार बरेच असतात आणि इथल्या पाण्यात ते आधीच भरपूर आहेत. चुना किंवा अंड्याची टरफलं घालण्याची गरज नाही, कॅल्शियम या मातीत हवं त्यापेक्षा जास्त आहे. कमी पडतो तो उपलब्ध फॉस्फरस आणि लोह. चुनखडी जमीन दोन्ही धरून ठेवते. म्हणून फॉस्फरसयुक्त खत वर न पसरता लावणीच्या खड्ड्यात, मुळांच्या खाली घालावं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे. तेव्हा ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह द्यावं. साधं फेरस सल्फेट एवढ्या सामूत टिकत नाही.

टोमॅटोचं रोप खालची पानं काढून दोन तृतीयांश खोडापर्यंत गाडा, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. मिरची मात्र कुंडीत होती तेवढीच खोल. टोमॅटोत अंतर ६० ते ७५ सेंटिमीटर, मिरचीत ४५. मिरच्या थोड्या दाट असल्या तर बऱ्या, एकमेकींच्या फळांवर सावली धरतात.

पाणी ठिबकनेच द्यावं. नळापासून क्रम असा: टायमर, उलटं पाणी रोखणारी झडप, गाळणी, २५ पीएसआयचा प्रेशर रेग्युलेटर, मग अर्धा इंची नळी. तिच्यातून वाफ्यावर पाव इंची ठिबक नळ्या, दर सहा इंचांना ड्रिपर असलेल्या, एकमेकींपासून फूटभर अंतरावर. रेग्युलेटर वगळला की सांधे उडतात, गाळणी वगळली की ड्रिपर बुजतात. घरात वॉटर सॉफ्टनर असेल तर बागेचा नळ त्याच्या आधीच्या लाइनवर आहे ना, हे नक्की पाहा. सॉफ्टनरच्या पाण्यातलं सोडियम माती बिघडवतं.

किती वेळ द्यायचं हे घड्याळावर ठरत नाही. लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसा. तो फूटभर सहज गेला तर पाणी खोलवर पोचलंय, मध्येच अडला तर वेळ वाढवा. मार्चमध्ये आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं, मेपासून गादीवाफ्याला जवळजवळ रोज, पहाटे. दुपारी चारला माना टाकलेली झाडं पाहून पाण्याला धावू नका. उन्हात झाड पानं सैल सोडतंच. सूर्योदयालाही तशीच दिसली तरच पाणी कमी आहे. वाफसा टिकवायचा असेल तर पेंढ्याचं आच्छादन तीन-चार इंच जाड हवं, खोडाभोवती दोन बोटं जागा सोडून. महिन्यातून एकदा नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वेळ पाणी चालवून मुळांजवळचे क्षार खाली धुऊन काढा. पानांच्या कडा करपणं आणि मातीवर पांढरी पापडी ही क्षार साठल्याची खूण. उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी जूनमध्ये हात भाजण्याइतकं तापतं, ते आधी बाजूला सोडून द्या.

फळाचं बूड काळं, चामड्यासारखं होणं हा इथला नेहमीचा त्रास. कॅल्शियम मातीत भरपूर असतं, पण ते पाण्याबरोबरच फळापर्यंत जातं. एक दिवस कोरडा, एक दिवस चिखल असं झालं की पुरवठा तुटतो. उपाय पाणी नियमित करणं हाच. उन्हाकडच्या बाजूला पांढरा, कागदासारखा पातळ डाग पडला तर तो निराळा, ते ऊन लागल्याने भाजलेलं फळ.

त्यासाठी शेडनेट, ३० ते ५० टक्क्यांचं. एप्रिलच्या अखेरीस, पारा ३५ कडे झुकू लागला की लावायचं. जाळी झाडांच्या शेंड्यापासून दीड-दोन फूट वर हवी, बाजू उघड्या, फक्त पश्चिमेकडून खालपर्यंत ओढलेली. झाडांवर थेट टाकलेली जाळी उष्णता कोंडते. ५० टक्क्यांहून दाट जाळी लावली की झाड उंच, लेचंपेचं होतं आणि फुलत नाही.

बोकड्या, म्हणजे वळलेली-आकसलेली पानं, पाहून घाबरण्याआधी नीट पाहा. उन्हात खालची पानं गुंडाळणं हे झाडाचं स्वतःला जपणं आहे. पण शेंड्याची पानं जाड, पिवळसर, वर वळलेली, मागच्या शिरा जांभळट आणि वाढ पूर्ण थांबलेली असेल तर तो कर्ली टॉप विषाणू. तुडतुडे तो वसंतात रानातल्या तणांवरून आणतात. औषध नाही, झाड उपटा. हे तुडतुडे उन्हातली झाडं पसंत करतात, त्यामुळे कोवळ्या रोपांवर हलकी सावली किंवा पातळ जाळीचं कापड ठेवलं तर लागण कमी होते. लाल कोळी मे-जूनच्या कोरड्या हवेत येतो. पानामागे बारीक ठिपके आणि जाळं दिसलं की पहाटे पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा, दोन-तीन दिवसांआड. नीम तेल ३२ अंशांच्या वर मारलं तर पानंच जळतात. हॉर्नवर्म नावाची बोटाएवढी हिरवी अळी दिवसा दिसत नाही. रात्री अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की पानांत ती चमकते, हाताने वेचायची.

एप्रिलमध्ये सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला फुलांचे घोस हलके हलवावेत, परागकण मोकळे होतात. आणि टोमॅटो झाडावर लाल व्हायची वाट पाहू नये. ३० अंशांच्या वर लाल रंगद्रव्य, लायकोपीन, तयार होतच नाही, फळ पिवळट केशरी राहतं, शिवाय पक्षी चोच मारतात. बुडाशी गुलाबी छटा आली की तोडा, घरात ओट्यावर ठेवा, दोन-चार दिवसांत छान पिकतो. फ्रीजमध्ये घातला तर चव जाते.

जुलैपर्यंत टोमॅटोची झाडं थकतात. मोठ्या फळांची झाडं सरळ काढावीत, चेरी जगवता येतात. जूनअखेरीस निरोगी बगलफूट (पानाच्या बगलेत फुटलेला कोंब) पाण्यात किंवा ओल्या मातीत खोचून मुळं आणली तर जुलैच्या शेवटी-ऑगस्टमध्ये शेडनेटखाली लावायला रोप तयार होतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुसरं, छोटं पीक मिळतं.

मिरचीचं मात्र वेगळं. ती मुळात बहुवर्षायू आहे, तिला उन्हाळ्यापलीकडे नेण्यातच फायदा. या वाळवंटाची स्वतःची मिरची आहे, चिल्टेपिन, मण्याएवढी आणि जहाल. दक्षिण ॲरिझोनात तुमाकाकोरी डोंगरांत तिच्या रानटी झाडांसाठी १९९९ मध्ये राखीव क्षेत्र घोषित झालं. ती उघड्यावर वाढत नाही, मेस्किट आणि हॅकबेरी या झाडांच्या सावलीत वाढते, कारण बी खाणारे पक्षी तिथेच बसतात आणि रोपाला तिथेच ऊन आणि थंडी दोन्ही सोसतात. परसातल्या मिरचीलाही हेच द्यायचं. जून ते ऑगस्ट फक्त सावली आणि सारखा ओलावा, खत बंद, छाटणी बंद. फुलं गळू द्यावीत. सप्टेंबरच्या मध्याला रात्री जरा उतरल्या की थोडं नत्र द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वसंतापेक्षा जास्त मिरच्या लागतात, आणि कोरड्या हवेत झाडावरच लाल होऊन वाळतात.

डिसेंबर-जानेवारीत थंडीच्या रात्री झाकण आणि पंधरा दिवसांनी एकदा पाणी. फेब्रुवारीच्या अखेरीस झाड वीतभर ठेवून छाटा, खोड नखाने खरवडून हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे. जुनी मुळं असल्याने असं झाड नव्या रोपाच्या बरंच आधी फुलावर येतं.