आमची वाटचाल: तव्यावरचा बोंबील आणि बाराचं कालवण

आमची मासळी-थाळीची गाडी मुंबईच्या फोर्टात दुपारी १२.३० ते ३ एवढीच चालते. कचेरीतल्या माणसाच्या हातात अर्धा तास. रांग, ताट, हात धुणं सगळं त्यातच. सुरुवातीला फळ्यावर अकरा पदार्थ होते, आता पाचच आहेत: बोंबील फ्राय, बांगड्याचं कालवण, कोळंबी मसाला, भात-भाकरी आणि सोलकढी. पापलेट आम्ही थाळीतून काढलं. त्याच्या भावात थाळी बसत नाही, आणि लहान पापलेट घेऊन ती बसवणं आम्हाला पटत नाही. २०२३ पासून तो महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, निदान त्याची पिल्लं तरी जाळ्यातून वाचावीत.

पहाटे ससून डॉक किंवा भाऊचा धक्का. बांगडा कल्ला उचलून बघायचा: आत लालभडक हवा, तपकिरी झाला असेल तर पुढची पाटी. घेतलेला बांगडा लगेच बर्फात, जेवढी मासळी तेवढाच बर्फ. बांगडा काही तास उबेला राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते. क्रेटला खाली भोकं हवीतच. वितळलेल्या पाण्यात पडून राहिलेली मासळी बर्फात असूनही पांढरी पडते.

खरी मेहनत बोंबलाची. हा मासा जवळजवळ पाणीच. डोकं आणि पर काढून पोटाकडून चिरायचा, काटा सोडवून पुस्तकासारखा उघडायचा, मीठ चोळून दोन फडक्यांमध्ये पसरायचा. वर पाट, पाटावर वरवंटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं. तासाभराने वरचं फडकं पिळलं तर धार लागते. मग कोरडं फडकं घालून आणखी अर्धा तास. ही घाई केली की तव्यावर तीन गोष्टी होतात: तेल उडतं, रवा सुटतो, उलटताना बोंबील मधोमध तुटतो.

लावायला आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण, हळद, मालवणी मसाला आणि थोडं आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस. मीठ पुन्हा नाही. आगळ लावून दहा मिनिटं पुरे, जास्त ठेवला तर मांस भुसभुशीत होतं. बारीक रवा तीन वाट्या, तांदळाचं पीठ एक वाटी. घोळवायचा तो तव्यात सोडतानाच, आधी घोळवून ठेवला की रवा ओला होतो. बिडाचा तवा, मध्यम आच, एका बाजूला तीन-चार मिनिटं. कडा तांबूस होऊन बोंबील आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. झाकण तर कधीच नाही.

कालवणात एक किलो बांगड्याला एक नारळ, दहा-बारा ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, हळद. आठ-दहा तिरफळं बिया काढून नुसती ठेचायची. वाटली तर रस्सा कडू होतो. सहा-सात आमसुलं. उकळी आल्यावर बांगडे, सहा मिनिटं, पळी न घालता पातेलंच हलवायचं. पूर्वी आम्ही सगळं कालवण बारालाच करायचो. दीडच्या रांगेला तुकडे फुटलेले मिळायचे, कारण गरम रश्श्यात मासा शिजतच राहतो. आता निम्मं बाराला, निम्मं एकला.

सोलकढी विस्तवावर ठेवायची नाही, नारळाचं दूध फाटतं. सकाळी १० ला काढून बर्फात ठेवतो, ३ नंतर उरलेली देत नाही.

पार्सलचा बोंबील केळीच्या पानात, वरून उघडा. डबा बंद केला की दहा मिनिटांत वाफेने रवा गळतो, म्हणून जवळ असाल तर तव्यापाशी उभं राहूनच खा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा शीतगृहातला बोंबील आम्ही आणत नाही. गोठवलेला बोंबील वितळला की दाबायला काही उरतच नाही. त्या दोन महिन्यांत फळ्यावर सुक्या बोंबलाचं कालवण, जवळ्याची चटणी आणि सोड्यांची, म्हणजे सोलून सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी असते. सोडे मात्र रात्रभर भिजवायचे नाहीत, कोमट पाण्यात वीस मिनिटं पुरतात.