संतीची घागर

बार्शीहून पंढरपूर काही लांब नाही. कुर्डुवाडीवरून गाडीनं दोनेक तासांत माणूस पोचतो. त्यामुळे आळंदीपासून चालत जायचं मी ठरवलं तेव्हा ज्यानं त्यानं एकच विचारलं, "नवस होता का?" नवस नव्हता. बोलायचे तेवढे नवस बाबूच्या आजारपणात बोलून झाले होते. भगवंताला, तुळजापूरच्या आईला, येरमाळ्याच्या येडाईला. तो गेल्यावर कुणाकडे काही मागावं असं उरलंच नव्हतं. माझ्या चुलतसासूबाई, त्यांना आम्ही काकू म्हणतो, दर वर्षी माऊलींच्या पालखीबरोबर चालतात. त्या एवढंच म्हणाल्या, "घरात बसून भिंती बघतीस, त्यापेक्षा चल. चालताना रडलं तरी कुणी अडवत नाही."

बाबूला रक्ताचा कॅन्सर होता. एएलएल म्हणतात तो, लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा. सुरुवात पाय दुखण्यापासून झाली. वाढीचं वय आहे, दुखतात पाय, असं सगळे म्हणत होते. मग अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसायला लागले. बार्शीतल्या कॅन्सर हॉस्पिटलमधून आम्हाला मुंबईला जायला सांगितलं आणि पुढची अडीच-तीन वर्षं आमचं घर म्हणजे परळचं टाटा आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. टाटा 1941 साली सुरू झालं. पाठीतलं इंजेक्शन द्यायला बाबूला आत नेलं की मी बाहेर जिन्याचा कठडा धरून उभी राहायची, आणि तेव्हापासून किती आयांनी असेच कठडे धरले असतील, हे दर वेळी मनात यायचं. तिथं आई-बाप एकमेकांना नाव-गाव नंतर विचारतात, आधी विचारतात, "काउंट किती?" काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींचा आकडा. काउंट पडले की मास्क, उकळलेलं पाणी, साल काढल्याशिवाय फळ नाही, घरात पाहुणा नाही. ताप 100.4 च्या वर गेला की रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. स्टेरॉइड चालू असताना त्याला मध्यरात्री भूक लागायची. धर्मशाळेत सगळे झोपलेले आणि हा कानाशी कुजबुजायचा, "आई, बटाट्याच्या काचऱ्या." गाल फुगलेले, पाय काड्यांसारखे. मी काचऱ्या करून द्यायची. त्या दिवसांत त्यानं पोटभर खाल्लेलं बघण्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात वाटलं नाही.

पहिल्यांदा उपचार लागू पडले होते. शाळा सुरू झाली, केस आले, ते आधीपेक्षा कुरळे होते. रात्रीची गोळी तेवढी चालू होती. मग आजार उलटला.

या सगळ्यानंतर माणसाच्या अंगात काय काय उरतं, ते मला वारीत कळलं. पुण्यातून निघून हडपसर मागे पडलं, दिवे घाटाकडे दिंड्या सरकायला लागल्या आणि मला धडधडायला लागलं. ते दमल्यामुळे नव्हतं. गर्दी, धूळ, एकाच पेल्यानं पाणी पिणारी माणसं, उघड्यावर कापलेली कलिंगडं. शेजारी कुणाचं तरी लेकरू खोकलं आणि मी पटकन बाजूला झाले, पदर नाकाला लावला. कुणासाठी? ज्याला जपायचं तो आता नव्हता, पण हात अजून जपत होते. पिशवीत थर्मामीटरसुद्धा होता. घरातून निघताना कंगवा, तेल, औषधाची पट्टी यांच्याबरोबर मी तो न विचार करता टाकला होता.

वाल्ह्याच्या मुक्कामात रात्री नऊला माझ्या मोबाइलचा गजर वाजला. तो रोज वाजतो. बाबूची गोळी नऊची असायची, उपाशीपोटी, दुधाबरोबर नाही. गजर मी बंद केलेला नाही आणि घरात कुणी करा म्हणतही नाही. नऊ वाजले की ह्यांच्या हातातला रिमोट थांबतो, मी गजर बंद करते, आणि आम्ही दोघं काही बोलत नाही. राहुटीत माझ्याशेजारी लातूरकडच्या एक आजी झोपायच्या. त्यांनी अंधारातच विचारलं, "कशाची गोळी खातीस गं माय?"

मी सांगितलं. सगळं नाही, दोन-तीन वाक्यांत. आजी उठून बसल्या. अरेरे म्हणाल्या नाहीत, देवाची मर्जी म्हणाल्या नाहीत. "नाव काय व्हतं लेकराचं?" एवढंच विचारलं.

तो गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. गावात सगळ्यांना नाव माहीत आहे, म्हणून ते घ्यायचं टाळतात. माझ्यासमोर कुणी स्वतःच्या मुलाचा निकाल सांगत नाही, वाढदिवसाचं आमंत्रण सासूबाईंकडे हळूच दिलं जातं. हे सगळं मायेपोटी होतं, मला कळतं. पण त्या मायेत माझं पोरच पुसलं जात होतं. मी आजींना त्याचं शाळेतलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मग त्यांनी त्यांच्याचं सांगितलं. आठ वर्षांचा होता, विहिरीत गेला. आता पन्नाशीला आला असता म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नीरेवर पादुकांना स्नान झालं, आम्हीही पाण्यात उतरलो. लोणंद, तरडगाव, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण. त्याचं वर्णन करणारे माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत. मला सांगायचंय ते फलटणच्या रात्रीचं.

तिथं दिंडीत कीर्तन होतं आणि महाराजांनी गोरोबाकाकांचं आख्यान लावलं. तेर आमच्यापासून जवळ, तेरणेच्या काठचं गोरोबांचं मंदिर मी लहानपणापासून पाहिलेलं. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. गोरोबा चिखल तुडवत नामात दंग झालेले, त्यांची बायको संती मुलाला त्यांच्यावर सोडून पाण्याला गेलेली. मूल रांगत आलं आणि पायाखाली तुडवलं गेलं, त्यांना कळलंही नाही. महाराजांनी फार सुंदर सांगितलं. गोरोबांची तल्लीनता, देहभान हरपणं, मृदंगाची साथ. लोक डोळे मिटून डोलत होते.

मला मात्र संती दिसत होती. ती पाण्यावरून येते. घागर भरलेली आहे. अंगणात शिरते आणि बघते. त्या घागरीचं काय झालं? तिनं ती कुठं ठेवली? ज्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बाजूच्या खोलीत बसवून आता आणखी औषध नको असं सांगितलं, त्या दिवशी माझ्या हातात बाबूचा डबा होता, वरण-भाताचा. त्या डब्याचं मी नंतर काय केलं, ते मला आजही आठवत नाही.

संतीचं आख्यानात एवढंच येतं की ती रागावली, नवऱ्याला आणि विठ्ठलाला नको नको ते बोलली. पुढे शपथ, गोरोबांचे तुटलेले हात, आषाढीला पंढरपुरात नामदेवांचं कीर्तन, हात परत येणं आणि मूल रांगत येणं. शेवटाला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. गाडगेबाबांच्या धर्मशाळेत मी राहिले, त्यांच्या तसबिरीला रोज हात जोडले, त्यांचं ऋण माझ्यावर आयुष्यभराचं आहे. कीर्तनात उभं असताना एकुलता मुलगा गेल्याची बातमी आली तरी त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, असं सांगतात. असतील तसे थोर. मी संतीच्या बाजूची आहे. मला वाटतं, त्या आख्यानात तिलाही एक अभंग मिळायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी बरडच्या वाटेवर विसाव्याला भाकरी खाताना मी हे आजींना बोलून दाखवलं. आजी चटणी कालवत होत्या. क्षणभर थांबून म्हणाल्या, "घागर फुटली आसंल. दुसरं काय व्हनार?" आणि जरा वेळानं, "अन् सांच्याला परत पान्याला तिलाच जावं लागलं आसंल."

हे कुणी सांगत नाही. संध्याकाळी परत पाण्याला जावं लागतं. बाबूच्या तेराव्यानंतर आठवडाभरात रेशनकार्डावरचं नाव कमी करायला, शाळेतून दाखला आणायला, राहिलेली औषधं परत करायला मीच गेले. शाळेच्या शिपायानं दाखल्यावर 'सोडण्याचे कारण' काय लिहू म्हणून विचारलं तेव्हा त्याचेच डोळे भरून आले. मी त्याला लिहायला सांगितलं. आजही डाळ धुताना दोन माणसांपुरती किती घ्यायची, ते मला अडखळून मोजावं लागतं.

नातेपुत्याला काकूंनी मला समाजआरतीला पुढे उभं केलं. पालखी मुक्कामाला आली की सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत होतं. लाखभर माणसं गप्प उभी. पण ज्या दिंडीची काही तक्रार असते ती गप्प होत नाही, टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिकडे जातात, काय झालं ते विचारतात, तिढा सोडवतात. त्यानंतर हरवलं-सापडलं सांगितलं जातं, उद्या निघायची वेळ सांगितली जाते आणि आरती होते. त्या दिवशी डाव्या अंगाच्या एका दिंडीचे टाळ थांबेनात. पाण्याच्या टँकरवरून काहीतरी झालं होतं. एवढा मोठा सोहळा त्यांच्यासाठी थांबला होता आणि कुणी त्यांना दटावलं नाही. तक्रार ऐकल्याशिवाय आरती सुरूच होत नाही, ही या वाटेची रीत आहे. मी टाळ हातात घट्ट धरून उभी होते. जनाबाईसुद्धा अंगणात उभी राहून विठ्याला शिव्या देते, हे मला शाळेपासून माहीत होतं. तेव्हा ते लाडाचं वाटायचं. त्या रात्री वाटलं, जनाबाई खरंच चिडलेली असणार.

मग मीही ठरवलं. वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, रोज चालताना मी त्याच्याशी भांडत गेले. मनात, कधी तोंडानं. पोराच्या तोंडात फोड आले तेव्हा त्याला पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं, ते तू बघितलंस का? सुईला हात पुढे करताना तो मलाच म्हणायचा, आई, तू तिकडे बघ. हे सहा-सात वर्षांच्या पोरानं शिकायचं होतं का? शेजारून टाळकरी जात होते, पाऊस होता, कुणी वळून पाहिलं नाही. काकूंनी एकदा फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

पंढरपुरात पदस्पर्शाची रांग माझ्या कुवतीबाहेरची होती, म्हणून मुखदर्शन घेतलं. लांबून, काही क्षण. मी काही मागितलं नाही आणि माफही केलं नाही. तोंडातल्या फोडांचं तेवढं परत एकदा सांगितलं आणि पुढच्या बाईला जागा दिली. आजी द्वादशीला त्यांच्या गाववाल्यांबरोबर निघाल्या. जाताना माझ्या बाबूचं पूर्ण नाव त्यांनी न चुकता घेतलं.

मला न्यायला हे गाडी घेऊन आले होते. कुर्डुवाडीत चहाला थांबलो. मुंबईला जाताना सिद्धेश्वर एक्सप्रेस आम्ही इथूनच पकडायचो, रात्री उशिरा. मी स्टेशनच्या दिशेला बोट करून म्हटलं, "बाबूनं फलाटावर केवढा गोंधळ घातला होता, आठवतं का?" हे माझ्याकडे बघतच राहिले. त्याचं नाव आमच्या दोघांत इतकं सरळ कधी आलं नव्हतं. मग म्हणाले, "गोंधळ तू बघितलास तो काहीच नाही. तू झोपल्यावर गाडीत त्यानं टीसीला विचारलं, माझं तिकीट माफ आहे ना, मग आईचं पण करा." मला हे माहीतच नव्हतं. "मग टीसी काय म्हणाला?" मी विचारलं, आणि ह्यांनी आणखी दोन चहा सांगितले.