आखडणारी काठी
आज पहाटे बेळगावहून चालत राजहंसगड गाठला, आणि चालतच परत. पाय शाबूत आहेत, गर्व मात्र थोडा उतरला.

नवीन ट्रेकिंग पोलची, म्हणजे लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या चालायच्या काठ्यांची, जोडी घेतली होती. पिरगाळून आवळायच्या लॉकची, कारण स्वस्त. गड उतरताना सगळा भार टाकला आणि डावी काठी सर्रकन आत गेली. मी लाल मातीत बसलो. (कुणी फोटो काढला नाही, नशीब.) थोडे पैसे जास्त गेले तरी बाहेरचा खटका दाबून बंद करायचं लॉकच घ्यायला पाहिजे होतं, घट्ट बसलंय की नाही ते दिसतं तरी.

बाकी काठ्यांनी काम केलं हं. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी उंची, चढाला पाचेक सेंटीमीटर कमी, उताराला तेवढीच जास्त. मुठीजवळच्या पट्ट्यात हात खालून वर घालायचा, मग मूठ आवळून धरावी लागत नाही, भार मनगटावर येतो. वडगाव-येळ्ळूरच्या डांबरावर काठीच्या टोकाला रबरी टोपी घातली, नाहीतर टकटक आवाजाने कुत्री मागे लागतात. मातीत ती काढली.

येळ्ळुरात शेताच्या बांधावर एक आजोबा भेटले. माझी काठी उलटीपालटी करून बघितली.
"आखडती होय रे ही?"
"होय आजोबा."
"आमची न्हाई आखडत," म्हणाले, आणि आपली बांबूची काठी टेकत निघून गेले.

उद्या दुकानात जाऊन बदलून मिळते का बघतो.