पिशवीतली ट्यूब

मे महिना, परभणीचं ऊन. मानवतजवळच्या गावाहून आलेल्या ताईंचे दोन्ही गाल लालभडक होते, त्यावर बारीक पुरळ, पापण्या सुजलेल्या. "मॅडम, लई खाजायलंय. रातभर झोप न्हाई."

भजी तळताना तेल उडून गालावर डाग पडला होता. शेजारीण म्हणाली, व्हिटॅमिन ईची कॅप्सूल टोचून लाव. महिनाभर रोज रात्री लावली. मी कॅप्सूल बंद करायला सांगितली, चार दिवसांचं सौम्य स्टिरॉइड मलम दिलं आणि सोबत माझं नेहमीचं मॉइश्चरायझर लिहिलं. पंधरा दिवसांनी त्या आल्या, तर पुरळ मानेपर्यंत उतरलेलं.

"तोंडाला जे जे लावता ते सगळं पिशवीत घालून आणा," म्हटलं. टेबलावर खोबरेल, साबण, पावडर, कॅप्सूलची अर्धी पट्टी आणि मी दिलेली ट्यूब मांडली गेली. ट्यूबमागची बारीक अक्षरं मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. टोकोफेरिल अ‍ॅसिटेट, म्हणजे व्हिटॅमिन ईचंच एक रूप. कॅप्सूलमध्येही तेच. बंद करायला लावलेली वस्तू मीच परत हातात दिली होती. ते मी त्यांना तिथेच सांगितलं.

शुद्ध टोकोफेरॉल, म्हणजे मूळ व्हिटॅमिन ई, हवेत लवकर खराब होतं, म्हणून त्याला अ‍ॅसिटिक आम्लाची जोड देतात. मग ते ट्यूबमध्ये टिकतं. त्वचेतली विकरं (एन्झाइम) ती जोड हळूहळू तोडतात तेव्हा कुठे मूळ व्हिटॅमिन मोकळं होतं. बहुतेकांना ते सोसतं, अ‍ॅलर्जी क्वचितच होते. पण होते. 1992 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये याच्याच भावंडामुळे, टोकोफेरिल लिनोलिएटमुळे, सुमारे हजार जणांना पुरळ उठलं होतं. आणि व्रणांचं म्हणाल तर 1999 साली प्रसिद्ध झालेल्या 15 रुग्णांच्या छोट्या अभ्यासात व्हिटॅमिन ई लावून बहुतेकांचा व्रण सुधारला नाही. एक तृतीयांश जणांना उलट त्वचादाह झाला.

खात्रीसाठी पाठीवर पॅच टेस्ट लावली, म्हणजे पिशवीतली प्रत्येक वस्तू थोडी थोडी वेगळ्या चौकोनी पट्टीखाली ठेवली. दोन दिवस पाठीला पाणी नाही, घाम आला तरी पट्ट्या सुटू द्यायच्या नाहीत. अशा उन्हात हे सांगतानाही मला जड जात होतं. ताईंनी निभावलं. बुधवारी पट्ट्या काढल्या, शुक्रवारी पुन्हा पाहिलं. कॅप्सूलच्या तेलाखाली उठावदार लाल चौकोन, माझ्या ट्यूबखाली फिकट पण स्पष्ट. खोबरेल, साबण, पावडर निर्दोष.

आता फक्त साधी पेट्रोलियम जेली. ताईंना इंग्रजी येत नाही, म्हणून लेबलवरच्या अक्षरांशी जुळवून बघता यावीत अशी टाळायची नावं मोठ्या इंग्रजी अक्षरांत कागदावर लिहून दिली.

तीन आठवड्यांनी गाल निवळले होते. सोबत आठवीतली लेक होती. तिने दप्तरातून ओठांना लावायची डबी काढली. मागच्या एका शब्दाखाली निळ्या पेनाची रेघ होती.

"मॅडम, हे तेच हाय ना?"

तेच होतं.